पुण्यात शिकायला आलेल्या नव्या विद्यार्थ्यास

पहिल्याच आठवड्यात सगळे पुणे पालथे घालू नका. पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक आणि भाजीची मंडई हे दोनच भाग पायी फिरून नीट पाहा. नवागतांची नेहमीची चूक म्हणजे दुपारी १ ते ४ च्या दरम्यान पेठांत जाणे, कारण त्या वेळी अनेक जुनी दुकाने बंद असतात. दुसरी चूक म्हणजे थेट नवी पुस्तके घेणे: चौकात आधी ‘जुनी प्रत मिळेल का?’ असे विचारावे, हाती आलेल्या प्रतीचे आवृत्तीचे वर्ष व सुटलेली पाने तपासावीत, आणि वर्षाअखेरीस ती परत घेतील का, हेही तेव्हाच ठरवून घ्यावे. १८८६ सालच्या मंडईच्या दगडी इमारतीत भाजी घेण्यासाठी एकच गाळा धरून ठेवा. तिसऱ्या खेपेस गाळ्यावरच्या मावशी आपणहून ताजी जुडी काढून देतात, हा माझा अनुभव आहे. बोहरी आळीची घाऊक खरेदी तूर्त राहू द्या.