चॉइसेस दिले, तरी भलती किंमत (व्हॅल्यू) आत कशी?

प्रश्न : आमच्या जँगो (पायथॉनचं वेब-फ्रेमवर्क) प्रकल्पात ऑर्डरच्या मॉडेलमधल्या, म्हणजे टेबलाचं वर्णन करणाऱ्या क्लासमधल्या, स्टेटस फील्डला 'नवी', 'पाठवली', 'पोचली' असे तीनच चॉइसेस (चालणाऱ्या किंमतींची यादी) आहेत. तरी पोस्टग्रेस डेटाबेसच्या टेबलात 'पोचलि' अशा ओळी सापडल्या. असं का?

उत्तर : चॉइसेस डेटाबेसपर्यंत पोचतच नाहीत. टेबलात तो साधा व्हारकॅर, म्हणजे कुठलाही मजकूर घेणारा, कॉलम असतो. तपासणी मॉडेलच्या फुल-क्लीन या मेथडमध्ये होते आणि ती मॉडेलफॉर्म (मॉडेलवरून बनलेला फॉर्म) व जँगोचं अॅडमिन पॅनेल करून घेतात. नुसत्या सेव्हमध्ये ती होत नाही; अपडेट, बल्क-क्रिएट आणि थेट एसक्यूएलमध्येही नाही. तुमच्या ओळी बहुधा एखाद्या इम्पोर्ट स्क्रिप्टमधून आल्या असाव्यात.

डेटाबेसनेच अडवावं म्हणून मॉडेलच्या मेटा या आतल्या क्लासमध्ये चेककन्स्ट्रेंट (प्रत्येक ओळीवर डेटाबेस तपासतो ती अट) घाला, अट अशी की स्टेटस हे चॉइसेसच्या व्हॅल्यूजपैकीच असावं. या अटीच्या आर्ग्युमेंटचं नाव जँगो ५.१ पासून 'कंडिशन' आहे. आधी ते 'चेक' होतं आणि ६.० मध्ये ते काढून टाकलं आहे. चॉइसेससाठी टेक्स्टचॉइसेसचा क्लास मॉडेलच्या आत लिहिला असेल तर मेटाला तो दिसत नाही आणि नेमएरर येतो. तो क्लास मॉडेलच्या बाहेर, वर लिहा.

मायग्रेशनआधी (मॉडेलमधला बदल डेटाबेसवर चालवण्याआधी) स्टेटसवर ग्रुप-बाय करून प्रत्येक किंमतीच्या ओळी मोजा आणि चुकीच्या दुरुस्त करा. एक जरी राहिली तरी मायग्रेशन इंटिग्रिटीएरर देऊन थांबतं. टेबल मोठं असेल तर सगळ्या ओळी तपासून होईपर्यंत ते लॉक राहतं, म्हणून पोस्टग्रेसवर आधी 'अॅडकन्स्ट्रेंटनॉटव्हॅलिड' चालवा. नव्या चुकीच्या नोंदी लगेच अडवल्या जातात, जुन्या पुढच्या 'व्हॅलिडेटकन्स्ट्रेंट'मध्ये तपासल्या जातात. हे दोन्ही वेगवेगळ्या मायग्रेशनमध्येच हवेत. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घातले तर काहीच फायदा नाही.

नलकडे, म्हणजे रिकाम्या किंमतीकडे, विशेष लक्ष द्या. अटीचं उत्तर नल आलं की चेक ती ओळ मुकाट्याने आत सोडतो, त्यामुळे कॉलम नॉट-नल ठेवावाच लागतो.

पुढे 'रद्द' वाढवायचं झालं तर आधी मायग्रेशन, मग नवा कोड. एखादी किंमत काढायची असेल तर उलट : आधी कोड, मग जुन्या ओळींची दुरुस्ती, शेवटी मायग्रेशन.

प्रश्न : हेच मायएसक्यूएलवर चालेल?

उत्तर : ८.०.१६ किंवा नंतरची आवृत्ती असेल तर चालेल. त्याआधीच्या आवृत्त्या चेकची ओळ वाचून सोडून देत, एररसुद्धा येत नसे. म्हणून आवृत्ती पाहा आणि चाचणीच्या डेटाबेसवर थेट एसक्यूएलने एक चुकीची किंमत घालून बघा.