प्रश्न तुमचे, उत्तरे आमची : बायोमेडिकल इन्फॉर्मेटिक्सचे उच्च शिक्षण

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीचा पदवीधर असून तीन वर्षे पुण्यातील एका आयटी कंपनीत नोकरी करीत आहे. अमेरिकेत बायोमेडिकल इन्फॉर्मेटिक्समध्ये एमएस करण्याची इच्छा आहे. त्यासाठी शेतजमीन तारण ठेवून कर्ज काढावे लागेल. बायोइन्फॉर्मेटिक्स, हेल्थ इन्फॉर्मेटिक्स, क्लिनिकल इन्फॉर्मेटिक्स अशी अनेक नावे दिसतात. त्यांपैकी काय निवडावे आणि हे धाडस करावे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : जमिनीचा विषय शेवटी घेऊ, कारण त्याचे उत्तर तुम्हाला नेमके कोणते काम करायचे आहे यावर अवलंबून आहे. हा विषय म्हणजे आरोग्याची माहिती संगणकाच्या साहाय्याने हाताळण्याचे शास्त्र, आणि ही माहिती वेगवेगळ्या पातळ्यांवर तयार होते. जनुके आणि प्रथिने ही एक पातळी, एमआरआय किंवा पॅथॉलॉजीच्या प्रतिमा ही दुसरी, रुग्णाचे केसपेपर, तपासण्या आणि औषधे ही तिसरी, आणि संपूर्ण जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या आरोग्याची आकडेवारी ही चौथी. ढोबळमानाने पहिल्या पातळीला बायोइन्फॉर्मेटिक्स म्हणतात, तिसरी आणि चौथी क्लिनिकल व हेल्थ इन्फॉर्मेटिक्सकडे जाते, आणि बायोमेडिकल इन्फॉर्मेटिक्स या नावाखाली हे सर्व येते. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक विद्यापीठाचा कल त्याच्या जडणघडणीनुसार ठरलेला असतो. युटा विद्यापीठाच्या विभागाची मुळे १९६० च्या दशकात सॉल्ट लेक सिटीच्या रुग्णालयात होमर वॉर्नर यांनी संगणकावर सुरू केलेल्या कामात आहेत. इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटने प्रयोगशाळा तपासण्यांसाठी लॉइंक ही संकेतप्रणाली १९९४ मध्ये सुरू केली, त्यामुळे त्या शहरात या विषयाकडे माहितीची देवाणघेवाण आणि प्रमाणीकरण या अंगाने पाहण्याची परंपरा आहे. स्टॅनफर्डचा अभ्यासक्रम १९८० च्या दशकाच्या आरंभी वैद्यकीय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनातून उभा राहिला आणि आज तेथील विभागाचे नावच बायोमेडिकल डेटा सायन्स असे आहे. कोलंबिया आणि व्हँडरबिल्ट येथील विभाग मोठ्या रुग्णालयांशी निगडित आहेत. म्हणून पदवीच्या नावावर न जाता त्या अभ्यासक्रमातील विषयांची यादी आणि प्राध्यापकांचे गेल्या दोन-तीन वर्षांतील शोधनिबंध पाहावेत. यादीत केवळ पायथॉन, मशीन लर्निंग आणि डेटाबेस असतील, तर ते शिक्षण तुम्हाला बरेच स्वस्तात मिळू शकेल. वैद्यकीय संज्ञावली, रुग्णालयाचे कामकाज, संख्याशास्त्र, साथरोगशास्त्र आणि रुग्णालयाच्या खऱ्या माहितीवर करायचा प्रकल्प हे सारे असेल, तर त्या अभ्यासक्रमाला वजन आहे.

या विषयातील खरी अडचण संगणकाची नसते, हे आयटीतून येणाऱ्यांना बहुधा उशिरा कळते. टाइप-२ मधुमेहाचा एक रुग्ण घ्या. एक डॉक्टर त्याच्या केसपेपरवर ‘के/सी/ओ डीएम’ (मधुमेहाचा ज्ञात रुग्ण) असे खरडतो, दुसरा ‘टी२डीएम’ (टाइप-२ मधुमेह) लिहितो, तिसरा आजाराचे नाव न लिहिता मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील औषध लिहून देतो. विम्याच्या कागदावर तोच आजार आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील ई११ होतो आणि स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या संकेतप्रणालीत त्याचा क्रमांक ४४०५४००६ असतो. आता ‘या रुग्णालयात टाइप-२ मधुमेहाचे रुग्ण किती?’ हा साधा प्रश्न विचारा. पहिल्या डॉक्टरच्या नोंदीत मधुमेहाचा प्रकारच लिहिलेला नाही, तिसऱ्याच्या नोंदीत आजाराचे नावच नाही, आणि मेटफॉर्मिन पीसीओएस या स्त्रियांमधील संप्रेरकांच्या विकारासाठीही दिले जाते, त्यामुळे केवळ औषधावरून मोजणी केली तर मधुमेह नसलेल्या तरुण मुलीही त्यात येतात. प्रोग्राम बिनचूक चालतो आणि उत्तर चुकीचे निघते. ही गुंतागुंत सोडवण्याचे शिस्तशीर शिक्षण म्हणजेच हा विषय, आणि ती सोडवण्यात रस वाटत नसेल तर या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रस आहे की नाही, हे कर्ज काढण्यापूर्वी घरबसल्या तपासता येते. बोस्टनमधील बेथ इझ्रायल डिकनेस रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील रुग्णांची ओळख पुसून तयार केलेला ‘मिमिक’ नावाचा माहितीसंच फिजिओनेट या संकेतस्थळावर संशोधकांना विनामूल्य मिळतो. त्यासाठी संशोधनातील नीतिनियमांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करून करारपत्रावर सही करावी लागते, परंतु शंभर रुग्णांचा नमुना-संच कोणालाही लगेच उतरवून घेता येतो. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत रुग्णांच्या तारखा मुद्दाम पुढे ढकललेल्या असल्यामुळे ते बाविसाव्या शतकात दाखल झालेले दिसतात आणि नव्वदीच्या घरातील व त्यापुढील रुग्णांचे वय तीनशे वर्षांहून अधिक भरते. सरासरी वय काढताना हे आजोबा-आजी ज्याच्या नजरेतून निसटतात, त्याने अजून माहितीच्या दस्तऐवजाचे वाचन केलेले नाही, असे खुशाल समजावे. नोकरी सांभाळून पाच-सहा महिने या संचावर एखादा प्रश्न सोडवा. त्याचा उपयोग अर्जासोबतच्या निवेदनपत्रातही होईल.

आता पैशांविषयी. अमेरिकेत या विषयाच्या एमएसला सहसा आर्थिक साहाय्य मिळत नाही आणि खासगी विद्यापीठात शुल्क व राहण्याचा खर्च मिळून दोन वर्षांची रक्कम सहज अर्ध्या कोटीच्या पुढे जाते. पीएचडीचे गणित वेगळे आहे. तेथे बहुतेक ठिकाणी शुल्क माफ होऊन निर्वाहवेतन मिळते आणि पदवीनंतर एमएस न करता थेट पीएचडीसाठी अर्ज करता येतो. मात्र एक बाब अनेकांना अर्ज केल्यावरच समजते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाकडून विद्यापीठांना या विषयाच्या प्रशिक्षणासाठी जे अनुदान मिळते, त्याचा लाभ केवळ तेथील नागरिकांना आणि कायमस्वरूपी रहिवाशांना मिळतो. म्हणून विभागाला पत्र लिहून ‘परदेशी विद्यार्थ्यांचा खर्च कोणत्या निधीतून होतो?’ असे थेट विचारावे. असे विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही. एमएसनंतर शिक्षणाशी निगडित नोकरीसाठी १२ महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखा असल्यास आणखी २४ महिने मुक्काम करता येतो, परंतु त्यापुढील व्हिसाचे नियम अलीकडे वारंवार बदलत आहेत आणि रुग्णालये व सरकारी संस्थांतील काही पदे परदेशी व्यक्तीला मिळणे कठीण असते. जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती १८९२ पासून चालू आहे, तिची चौकशी अवश्य करा. सामाजिक प्रवर्गानुसार राज्य शासनाच्या परदेश शिष्यवृत्त्याही आहेत, परंतु त्यांना विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असल्याने आधी ती यादी पाहावी.

तुमच्या परिस्थितीत मी आधी देशातील पर्याय पाहीन. आयआयटी मुंबईत कोइटा सेंटर फॉर डिजिटल हेल्थ हे स्वतंत्र केंद्र आहे आणि आयआयआयटी दिल्लीत संगणकीय जीवशास्त्राचा एमटेक अभ्यासक्रम आहे. गेटमध्ये संगणकशास्त्राखेरीज बायोमेडिकल इंजिनिअरिंगची प्रश्नपत्रिका २०२० पासून आणि डेटा सायन्स व कृत्रिम बुद्धिमत्तेची २०२४ पासून उपलब्ध आहे. गेटमार्गे एमटेकला प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. रक्कम मोठी नाही, पण तिच्यासाठी सातबाऱ्यावर बोजा चढवावा लागत नाही. दोन वर्षांनी पीएचडीसाठी परदेशी जाण्याचा मार्ग खुला राहतोच. जमीन तारण ठेवून केवळ एमएससाठी जाण्याचा सल्ला मी देणार नाही.

प्रश्न : मी बीएएमएस असून सात वर्षे वैद्यकीय व्यवसाय करते. प्रोग्रामिंग येत नाही. या क्षेत्रात आयुर्वेदाच्या पदवीधरांना स्थान आहे का? (एक वैद्य, लातूर)

उत्तर : आहे, आणि ते पूर्वीपेक्षा अधिक स्पष्ट झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांतील व्याधींचा विभाग १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्लीत प्रकाशित केला. आयुष मंत्रालयाच्या ‘नमस्ते’ या पोर्टलवर याच पद्धतींची प्रमाणित संज्ञावली आहे. आमवाताचे निदान आणि आधुनिक वैद्यकातील संधिवाताचे निदान यांची कोठे सांगड घालता येते आणि कोठे घालू नये, हे ठरवण्यासाठी दोन्हींची जाण असलेली व्यक्ती लागते. केवळ अभियंत्याच्या आवाक्यातील हे काम नाही.

शिक्षणाच्या बाबतीत मात्र एक अडसर आहे. डॉक्टरांसाठी आयआयटी खरगपूरचा तीन वर्षांचा वैद्यकीय विज्ञान व तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम प्रसिद्ध आहे, परंतु तो एमबीबीएस पदवीधरांसाठी आहे. आयआयएचएमआर दिल्लीच्या रुग्णालय व आरोग्य व्यवस्थापनाच्या पदविकेत हेल्थ आयटी हा विशेष विषय घेता येतो आणि तेथे आयुष पदवीधर प्रवेश घेतात. स्टॉकहोममध्ये कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट आणि स्टॉकहोम विद्यापीठ मिळून हेल्थ इन्फॉर्मेटिक्सचा दोन वर्षांचा इंग्रजी अभ्यासक्रम चालवतात. त्यात आरोग्यसेवा आणि संगणक अशा दोन्ही पार्श्वभूमींचे विद्यार्थी एकत्र शिकतात, परंतु भारतीयांना शुल्क भरावे लागते आणि बीएएमएस पदवी कशी ग्राह्य धरली जाईल, हे प्रवेश कार्यालयाकडून लेखी घ्यावे.

प्रोग्रामिंगची भीती बाळगू नका, मात्र ते टाळूही नका. एसक्यूएल ही माहिती विचारण्याची भाषा दोन-तीन महिन्यांत कामापुरती येते. पुण्यातील सी-डॅकमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने स्थापन केलेले इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांचे राष्ट्रीय केंद्र आहे. स्नोमेड सीटी भारतात वापरण्याची नोंदणी तेथे विनामूल्य होते. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनसाठी नोंदी कोणत्या साच्यात असाव्यात, याची मार्गदर्शिकाही हे केंद्र प्रसिद्ध करते. ती संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. तुमच्याच दवाखान्यातील पन्नास केसपेपर घेऊन, नावे वगळून, त्यांतील निदाने नमस्तेच्या संज्ञांमध्ये बसवून पाहा. कोणते निदान बसत नाही याची टिपणे ठेवलीत, तर मुलाखतीत सांगण्यासारखे तुमच्याकडे पुष्कळ असेल. रुग्णांची माहिती मात्र व्हॉट्सॲपवर कोठेही पाठवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर हा केवळ शिष्टाचाराचा भाग राहिलेला नाही.

प्रश्न : बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षात आहे. जर्मनीत मेडिकल इन्फॉर्मेटिक्स मोफत शिकता येते असे ऐकले. खरे आहे का? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : अर्धवट खरे आहे. हायडेलबर्ग आणि हाइलब्रॉन यांचा मेडिकल इन्फॉर्मेटिक्सचा संयुक्त अभ्यासक्रम १९७२ पासूनचा, म्हणजे जगातील सर्वांत जुन्यांपैकी एक आहे. परंतु ही दोन्ही शहरे ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहेत, तेथे युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून प्रत्येक सत्राला १,५०० युरो घेतले जातात. शिवाय तेथील शिक्षणासाठी जर्मन चांगली यावी लागते. इंग्रजीतून शिकायचे असल्यास डेगेनडॉर्फच्या तंत्रविद्यापीठाचा फार्किर्शेन येथील मेडिकल इन्फॉर्मेटिक्स अभ्यासक्रम पाहावा. भारतीय अर्जदारांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस हे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे आणि व्हिसासाठी बँकेच्या बंदिस्त खात्यात वर्षाचे सुमारे १२ हजार युरो दाखवावे लागतात.

खरी अडचण पुढेच आहे. या अभ्यासक्रमांना संगणकशास्त्राचे ठरावीक श्रेयांक (क्रेडिट) लागतात आणि मायक्रोबायोलॉजीच्या पदवीत ते नसतात. त्यामुळे आधी एमएस्सी बायोइन्फॉर्मेटिक्स करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील बायोइन्फॉर्मेटिक्स केंद्र १९८० च्या दशकापासून काम करीत आहे आणि जीवाणूंच्या जनुकसंचाचे विश्लेषण हा तुमच्या पदवीशी थेट जुळणारा विषय आहे. क्षयरोगाचे जीवाणू कोणत्या औषधाला दाद देणार नाहीत, हे जनुकक्रमावरून ओळखणे हे त्याचे चांगले उदाहरण. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे चार वर्षांची पदवी मागतात, तोही प्रश्न एमएस्सीमुळे सुटतो.

प्रश्न : रुग्णालयात परिचारिका आहे. नोकरी सोडता येणार नाही. ऑनलाइन काही करता येईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अमेरिकन मेडिकल इन्फॉर्मेटिक्स असोसिएशन आणि ओरेगॉन हेल्थ अँड सायन्स युनिव्हर्सिटी यांचा ‘टेन बाय टेन’ हा ऑनलाइन परिचयात्मक अभ्यासक्रम २००५ पासून चालू असून तो आरोग्यसेवेतील नोकरदारांसाठीच आखलेला आहे. त्याचे शुल्क डॉलरमध्ये असल्याने रुग्णालय प्रशासन काही भार उचलेल का, हे विचारून पाहावे. तत्पूर्वी एक काम मात्र करा. तुमच्या रुग्णालयात नवी संगणकप्रणाली येणार असेल, तर तिच्या समितीत परिचारिकांची प्रतिनिधी म्हणून नाव द्या. औषध दिल्याची नोंद करायला स्क्रीनवर किती वेळा क्लिक करावे लागते आणि रात्रपाळीत ती नोंद का मागे पडते, हे प्रश्न त्या बैठकीत बहुधा कोणी विचारत नाही.