'द रोड नॉट टेकन' वाचून एडवर्ड थॉमस खरंच सैन्यात गेला का?

तुम्ही विचारलंय तीच गोष्ट मीही कधीतरी वाचली होती आणि खरी धरून चाललो होतो: अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टने त्याचा मित्र, इंग्रज कवी एडवर्ड थॉमस, याची थट्टा म्हणून ही कविता लिहिली (दोन वाटांपैकी एक निवडायची आणि मग दुसरीची हळहळ करायची, या त्याच्या सवयीवरून), मित्राने ती मनाला लावून घेतली आणि तडक भरती झाला. किस्सा झकास आहे, पण थॉमसची फ्रॉस्टला लिहिलेली पत्रं वाचली की तो इतका सरळ उरत नाही.

पहिलं महायुद्ध चालू असताना, फेब्रुवारी १९१५ मध्ये, फ्रॉस्ट इंग्लंडहून अमेरिकेला परतला. थॉमसच्या मुलालाही सोबत घेऊन गेला. मागोमाग थॉमसनेही जायचं, जवळपास राहून दोघांनी लिहायचं, असा बेत होता. त्यानंतरचे काही महिने पत्रांत एकच घोळ: अमेरिकेत फ्रॉस्टकडे न्यू हॅम्पशायरला, की सैन्यात? ती कविता टपालाने आली ती या घालमेलीत. त्यातली थट्टा थॉमसला कळलीच नाही. फ्रॉस्टने उलगडून सांगितल्यावरही त्याचं म्हणणं कायम, की सांगितल्याशिवाय हे कुणालाच कळायचं नाही. (यात तो जिंकला. लोक आजही ती गंभीर चेहऱ्यानेच वाचतात.)

जुलैमध्ये तो भरती झाला. वय ३७, घरी बायको आणि तीन मुलं. विवाहितांवर सैन्यभरतीची सक्ती आली ती १९१६ मध्ये, म्हणजे त्याला कुणी ओढून नेलं नव्हतं. कवितेने फार तर शेवटचा धक्का दिला असेल.

मला विचाराल तर त्याला सलत होतं ते वेगळंच. १९१४ च्या अखेरीस इंग्लंडमधल्या डिमॉक गावाजवळ दोघं भटकत असताना रानाच्या एका राखणदाराने बंदूक दाखवून त्यांना हटकलं. फ्रॉस्ट त्याच्या अंगावर धावून जायला निघाला, थॉमस मागे सरला. आता १९१७ चं फ्रान्सहून आलेलं पत्र बघा. थॉमस तेव्हा आरासच्या आघाडीवर तोफखान्यात अधिकारी होता. टेहळणीसाठी एका धुराड्याच्या आतून वर चढायचं होतं आणि आसपास तोफगोळे फुटत होते. त्याला ते जमलं नाही. तो तसं लिहितो, सबबी न सांगता. आणि लिहितो कुणाला, तर ज्याच्या देखत तो एकदा मागे सरला होता त्यालाच.

९ एप्रिलला तो आरासला मारला गेला. त्याच वर्षी निघालेला त्याचा कवितासंग्रह फ्रॉस्टला अर्पण केलेला आहे.

वाचणार असाल तर १९१५ च्या जून-जुलैची पत्रं आधी घ्या, मग थेट हे धुराड्याचं.