डॉक्टरांकडे गुगल असताना हॉस्पिटलमध्ये लायब्ररियन कशाला?

तुम्ही लिहिलंय की एम.लिब. (लायब्ररी सायन्सची मास्टर्स) झालंय, हॉस्पिटलमध्ये जॉब मिळतोय, पण डॉक्टर सगळं फोनवरच बघतात तर मी तिथे करू काय. मी मिरजेत हॉस्पिटलच्या लायब्ररीत आहे, माझं म्हणणं बिनधास्त जॉइन व्हा, फक्त काउंटरला चिकटून बसू नका, राउंडला, म्हणजे डॉक्टर वॉर्डात पेशंट बघत फिरतात तेव्हा, सोबत जायची परवानगी मागा. हे काही नवीन नाहीये, अमेरिकेत कॅन्सस सिटीला गर्ट्रूड लॅम्ब यांनी १९७१ लाच लायब्ररियनना डॉक्टरांच्या टीमबरोबर पाठवायला सुरुवात केली होती.

राउंडलाच का, तर प्रश्न तिथे निघतात आणि तिथेच विसरले जातात. आपल्याकडे तासगावकडचा द्राक्षपट्टा, फवारणीच्या औषधाची विषबाधा काही नवीन नाही. अ‍ॅट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाबद्दल कुणाचा वाद नसतो, पण सोबत पॅम (प्रालिडॉक्सिम, दुसरं उताऱ्याचं औषध) द्यायचं का यावर डॉक्टरांची मतं वेगवेगळी असतात. आता नुसतं पॅम टाकून शोधलं तर भलतंच येतं, पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, साडेतीन कोटींच्या वर नोंदी आहेत, तिथे प्रालिडॉक्सिम, ऑक्सिम (पॅमचा औषधगट), ऑर्गॅनोफॉस्फेट पॉयझनिंग (या प्रकारच्या कीटकनाशकाची विषबाधा) असे शब्द मेशमधून, म्हणजे ठरलेल्या विषयशब्दांच्या यादीतून, बघून जोडावे लागतात, मग कॉक्रेनचा (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) २०११ चा रिव्ह्यू हाती लागतो आणि त्यात सरळ म्हटलंय की फायदा होतो का तोटा हे सांगायला पुरावा पुरेसा नाही. मी तेच लिहून देते, त्यानंतर काही नवीन आलंय का, एखादा पेपर मागे घेतलाय का ते पण बघते. उत्तर अर्ध्या पानात. आपलं मत त्यात घालायचं नाही हां, औषध द्यायचं का ते डॉक्टरच ठरवणार, पेशंट त्यांच्यासमोर आहे. पण "पुरावा अपुरा आहे" हे पण उत्तरच आहे, ते द्यायला घाबरू नका.

ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांच्या पाच नियमांतला चौथा आपण परीक्षेसाठी पाठ केलेला, वाचकाचा वेळ वाचवा. रात्रभर ड्युटी केलेल्या रेसिडेंट डॉक्टरला बघितलं ना की तो खरा कळतो, मला तर फार मनापासून वाटतं की त्या पोरांना शोधाशोध करायला लागू नये.

सुरुवात एकाच युनिटपासून करा, मेडिसिन बरं पडतं. आलेल्या प्रश्नांची वही ठेवा, तोच प्रश्न परत आला की जुनं उत्तर तपासून लगेच देता येतं. वहीत पेशंटचं नाव किंवा केस नंबर अजिबात लिहू नका.