गोव्यात जागा घेताय? इसार देण्याआधी एवढं बघा

एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा) हातात आला म्हणून मालकी सिद्ध झाली असं समजू नका. नवखे इथेच फसतात. तो ताब्याचा पुरावा. मालकीसाठी जुनी विक्रीखतं, पोर्तुगीज काळातली नोंदणी आणि वारसाहक्काचे कागद साखळीसारखे जुळायला हवेत. उताऱ्यात कूळ आणि इतर हक्क हे रकाने आधी वाचा. मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जागेत मालकाच्या संमतीने घर करून राहणाऱ्याचं) नाव कधीकधी तिथे नसतंही, म्हणून जागेवर जाऊन कोण राहतं ते विचाराच.

सगळ्यात जास्त घोळ सह्यांचा. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार लग्नानंतर मालमत्ता सहसा पतिपत्नी दोघांची असते, त्यामुळे विक्रेत्याच्या जोडीदाराची सहीही लागते. घर वडिलोपार्जित असेल तर सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार आले. एखादा भाऊ परदेशात असेल तर त्याचं कुलमुखत्यारपत्र तपासा. वाटणी झाली असेल तर इन्व्हेंटरीचा (वारसांमधल्या वाटणीच्या कोर्टातल्या प्रक्रियेचा) निकाल मागा.

बाकी:
- उपनिबंधकाकडून बोजा नसल्याचा दाखला, किमान ३० वर्षांचा
- बांधकामासाठी झोनिंग दाखला (आराखड्यात जागा कोणत्या वापरासाठी आहे त्याचा) आणि रूपांतराची सनद (जमीन बिगरशेती केल्याची), दोन्ही
- फ्लॅट असल्यास भोगवटा दाखला

जागा कोमुनिदादीची (गावाच्या जुन्या सामूहिक संस्थेची) असेल तर वकिलाशिवाय पुढे जाऊ नका. वकील तुमचा असू द्या, दलालाने सुचवलेला नको.