टॅब सॅकमध्ये न्यायचा आहे की हातात धरायचा आहे?

तुमची अडचण मला समजली ती अशी: नवा टॅब बजेटमध्ये बसत नाही म्हणून रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण तपासून-दुरुस्त करून विकलेला, घ्यायचा आहे आणि समोर दोन पर्याय आहेत. एक गॅलॅक्सी टॅब ए७ लाइट, ८.७ इंची, ३ जीबी रॅमचा, वजन ३६६ ग्रॅम. दुसरा टॅब एस६ लाइट, १०.४ इंची, ४ जीबीचा, वजन ४६७ ग्रॅम. अभ्यासाच्या पीडीएफ वाचायच्या, हाताने टिपणं काढायची, अधूनमधून लेक्चरचे व्हिडिओ बघायचे, आणि रोजचा बराच वेळ प्रवासात जातो. हलका घ्यावा की वेगवान, इथे गाडी अडली आहे.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. गेली सात वर्षं बहुतेक प्रुफं पीडीएफमध्येच येतात आणि ती मी टॅबवरच तपासते. या काळात माझ्याकडे तीन टॅब झाले, तिन्ही रिफर्बिश्ड. पहिला मी केवळ हलका म्हणून घेतला होता आणि आठ महिन्यांत तो बाजूला ठेवावा लागला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वजन. तुमच्या दोन टॅबमधला १०१ ग्रॅमचा फरक सॅकमध्ये जाणवणारही नाही. वही, चार्जर, पाण्याची बाटली यांच्यात तो कुठल्या कुठे जातो. जाणवतो तो हातात, आणि हातात नुसत्या ग्रॅमपेक्षा रुंदी जास्त त्रास देते. ए७ लाइटची रुंदी १२४.७ मिलिमीटर आहे. पंजा मोठा असेल तर त्याच्या दोन्ही कडा मागून बोटांत पकडता येतात. एस६ लाइट १५४.३ मिलिमीटर रुंद आहे. तो एका कडेलाच धरावा लागतो, अंगठा पुढे आणि चार बोटं मागे. मग सगळा भार मनगटापासून लांब लोंबकळतो. दोन्ही टॅब कडेला धरले असं समजून हिशेब करा: मोठ्याचा मध्य कडेपासून साधारण ७.७ सेंटिमीटरवर, लहानाचा ६.२ वर. वजन गुणिले अंतर केलं की मोठ्याचा मनगटावरचा ताण लहानाच्या जवळजवळ १.६ पट निघतो. वजन मात्र जेमतेम सव्वापट आहे. कागदावरचे ग्रॅम बघून फसायला होतं ते यामुळेच.

घरात वजनकाटा असेल तर ४६०-४७० ग्रॅमचं एखादं पुस्तक शोधा, एका कडेला धरून पंधरा मिनिटं उभ्याने वाचा. कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा यातून जास्त कळेल. आणि कव्हर विसरू नका. स्टँडवालं, पुस्तकासारखं उघडणारं कव्हर चांगलंच जड असतं. माझ्या टॅबचं काट्यावर ठेवलं तेव्हा २३८ ग्रॅम भरलं. म्हणजे हलका टॅब घ्यायचा आणि त्याच्यावर तसलं कव्हर चढवायचं, तर सगळी खटपट वाया. फक्त पाठ आणि कडा झाकणारं पातळ कव्हर घ्या, स्टँड वेगळा घरी ठेवा.

आता पानाचा आकार. माझ्या मते तुमचा निर्णय वेगापेक्षा इथे ठरणार आहे. तुमच्या पीडीएफ बहुतेक ए-फोर आकाराच्या असतील, म्हणजे रुंदी २१ सेंटिमीटर. ए७ लाइटचा पडदा उभा धरल्यावर ११.३ सेंटिमीटर रुंद असतो, त्यामुळे पूर्ण पान ५४ टक्क्यांवर दिसतं. मूळ मजकूर १२ पॉइंटचा असेल तर डोळ्यांसमोर येतो तो साडेसहा पॉइंटचा. एस६ लाइटवर तेच पान ६५ टक्क्यांवर, म्हणजे पावणेआठ पॉइंटच्या आसपास दिसतं. हा सव्वा पॉइंट फार वाटत नाही, पण वाचता येणं आणि सतत झूम करावं लागणं यांच्यातली रेघ नेमकी याच पट्ट्यात आहे.

देवनागरीत तर आणखीच. इंग्रजी अक्षराच्या डोक्यावर फारसं काही नसतं. आपल्याकडे मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार अशी सगळी गर्दी शिरोरेघेच्या वर असते. ‘कार्यकर्त्यांनी’ हा शब्द घ्या. ‘र्त्यां’ वर रफार आणि अनुस्वार शेजारी शेजारी बसतात. माझा पहिला टॅब आठ इंची होता, कमी रिझोल्यूशनचा, आणि त्याच्यावर या दोघांचा मिळून एकच काळा ठिपका दिसायचा. अनुस्वार आहे की गळलाय, हे कळायला प्रत्येक वेळी झूम करायचं, झूम केलं की ओळ पडद्यात मावत नाही, मग पान डावीकडे-उजवीकडे सरकवत वाचायचं. एका प्रुफात माझ्याकडून ‘मुलांना’ चं ‘मुलाना’ तसंच सुटलं आणि छापून आलं. त्याची बोच मला आजही आहे. तेव्हा पडद्याचे इंच बघताना घनताही बघा. ए७ लाइटची इंचाला १७९ पिक्सेल, एस६ लाइटची २२४. मराठी पीडीएफ वाचणाऱ्याला १७९ कमी पडतात, हे मी खात्रीने सांगते.

मजकूर ईपबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकांच्या फाइलमध्ये, असेल तर गोष्ट वेगळी. त्यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं आणि ओळी आपोआप नव्याने बसतात. निव्वळ कादंबऱ्या वाचणाऱ्याला मी डोळे झाकून लहान टॅब सांगितला असता. तुमचं काम तसं नाही.

वेगाकडे वळते. जुन्या टॅबच्या वेगाबद्दल बेंचमार्कचे, म्हणजे वेगचाचणीचे, आकडे देऊन लोक वाद घालतात, पण तुमच्या वापराला त्या आकड्यांचा फारसा उपयोग नाही. वेगाला एक किमान पातळी असते. तिच्या खाली टॅब रोज छळतो. तिच्या वर गेल्यावर दुप्पट वेगवान चिप घेतली तरी पीडीएफचं पान काही दुप्पट लवकर वाचून होत नाही. ही पातळी माझ्या अनुभवात अँड्रॉइडसाठी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज. ३ जीबीतला मोठा वाटा सिस्टीमच घेते. मग पीडीएफ उघडी ठेवून ब्राउझरमध्ये एक शब्द शोधायला गेलं आणि परत आलं की पीडीएफ पहिल्यापासून लोड होते. स्कॅन केलेलं दोनशे पानांचं पुस्तक असेल तर प्रत्येक पान आधी धूसर येतं, मग हळूहळू स्पष्ट होतं. एकदा होतं तेव्हा काही वाटत नाही. तासात वीसदा झालं की आपण शब्द शोधणंच सोडून देतो. माझ्या बाबतीत तेच झालं होतं.

चिपचंही थोडं सांगते. ए७ लाइटच्या हेलिओ पी२२टी चिपमध्ये आठ कोअर, म्हणजे काम वाटून घेणारे आठ भाग, आहेत, पण आठही कॉर्टेक्स-ए५३, म्हणजे बॅटरी वाचवणाऱ्या साध्या जातीचे. २०२० च्या एस६ लाइटमधल्या एक्झिनॉस ९६११ मध्ये चार ए५३ आणि चार त्याहून दमदार ए७३ आहेत. ‘ऑक्टा-कोअर’ हा शब्द दोघांच्याही जाहिरातीत असतो, त्यावरून काहीच ठरवू नका.

पेनचा मुद्दा तुम्ही ओझरता लिहिला आहे, पण तो मोठा आहे. एस६ लाइटसोबत एस पेन येतो, त्याला चार्जिंग लागत नाही आणि लिहिताना तळहात काचेवर टेकला तरी चालतो. ए७ लाइटला हा पेन चालतच नाही. त्यावर रबरी टोकाच्या साध्या स्टायलसने लिहावं लागेल, आणि तसं तासाभराचं लेक्चर उतरवून घेणं फार जिकिरीचं आहे. रिफर्बिश्ड घेताना पेन सोबत आहे का आणि मूळचा आहे का, हे मात्र आधी विचारा.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट सांगते. हलका म्हणजे मंद, असा काही नियम नाही. बाजारात लहान टॅब बहुधा स्वस्त गटातले असतात आणि त्यांत चिपही स्वस्तातली घालतात, म्हणून तसं वाटतं. जुन्या मालात मात्र एकेकाळचा महागडा टॅबही आवाक्यात येऊ शकतो. २०१९ चा आयपॅड मिनी ७.९ इंची आहे, वजन ३०० ग्रॅम, ए१२ चिप, घनता ३२६. म्हणजे ए७ लाइटपेक्षा ६६ ग्रॅमने हलका आणि कितीतरी वेगवान. रॅम त्यातही ३ जीबीच, पण आयपॅड तेवढ्यात नीट भागवतो, आणि २०२५ ची आयपॅडओएस २६ त्याच्यावर चालते. ए-फोर पान त्याच्यावरही ५४ टक्क्यांवरच दिसतं, अक्षर बारीक असतं पण फुटत नाही. रफार आणि अनुस्वार वेगळे ओळखता येतात. पेन्सिल वेगळी घ्यावी लागते. दुसरं उदाहरण २०१९ चाच गॅलॅक्सी टॅब एस५ई: १०.५ इंची असून फक्त ४०० ग्रॅम. तो अँड्रॉइड ११ वरच थांबला आहे, म्हणून बँकेची ॲप वापरणाऱ्याला मी सुचवणार नाही. फक्त वाचायला आणि व्हिडिओला छान.

बॅटरी हा वजनाचाच भाग धरा. पाच-सहा वर्षांची लिथियम बॅटरी न वापरताही थकलेली असते. टॅब दुपारीच मान टाकायला लागला की सोबत पॉवरबँक येते, आणि १०,००० एमएएचची पॉवरबँक साधारण २०० ग्रॅमची असते. तुमचे वाचवलेले १०१ ग्रॅम तिथेच संपले. आल्या दिवशी पूर्ण चार्ज करा, ब्राइटनेस अर्धा ठेवा, विमान मोड लावा आणि डाउनलोड केलेला व्हिडिओ एक तास चालवा. दहा-बारा टक्के उतरली तर उत्तम. वीस उतरली तर पाच तासांचाच टॅब हातात आला आहे, परत करा. सपाट टेबलावर ठेवून कोपरे दाबा. डुगडुगला किंवा काच एका बाजूने उचललेली दिसली तर बॅटरी फुगलेली असू शकते, तो वापरूच नका.

बाकी तपासण्या थोडक्यात. आधीच्या मालकाचं खातं निघालेलं आहे का आणि कुठल्या संस्थेचं डिव्हाइस मॅनेजमेंट (टॅबवर दुरून ताबा ठेवणारी व्यवस्था) शिल्लक नाही ना, हे पैसे देण्याआधी बघा. व्हिडिओ ॲपसाठी वाइडवाइन (व्हिडिओची नक्कल रोखणारी सुरक्षा) एल१ पातळीची आहे का ते पाहा, एल३ असेल तर चित्र कमी दर्जाचं दिसू शकतं.

तुमच्यासाठी माझं उत्तर एस६ लाइट. टिपणं तुम्ही बसूनच काढणार, पीडीएफही मुख्यतः बसूनच वाचल्या जाणार, आणि त्या वेळी १०१ ग्रॅम टेबल उचलतं. प्रवासात उभ्याने हातात धरून वाचणं हेच जर निम्म्याहून जास्त असेल, तर दोन्ही सोडा आणि आयपॅड मिनी शोधा. ए७ लाइट मी तुम्हाला कुठल्याच बाजूने सुचवू शकत नाही.

एक खबरदारी: एस६ लाइट या एकाच नावाने तीन वेगवेगळे टॅब विकले गेले आहेत, २०२०, २०२२ आणि २०२४ चे. बाहेरून ते जवळजवळ सारखे, आत चिप निराळी. वाय-फायवाला असेल तर मॉडेल क्रमांक अनुक्रमे एसएम-पी६१०, पी६१३ आणि पी६२०. विक्रेत्याकडून सेटिंग्जमधल्या ‘अबाउट टॅबलेट’ पानाचा फोटो मागवा. थोड्या जास्त पैशांत पी६१३ मिळत असेल तर तोच घ्या, कारण त्याची बॅटरीही बहुधा दोन वर्षांनी तरुण असेल. आणि हातात आल्यावर पहिल्या संध्याकाळी तुमच्याकडची सगळ्यात जड, स्कॅन केलेली मराठी पीडीएफ त्यात उघडा, परत करण्याची मुदत संपायच्या आत.