संगणकावर आखलेला मार्ग जीपीएस उपकरणात टाकल्यावर बदलतो, असं का होतं?

आतल्या छोट्या रस्त्यांनी मार्ग आखला, फाइल उपकरणात टाकली आणि ते म्हणतं हमरस्त्याने चला, ही तुमची तक्रार. सॉफ्टवेअरला शिव्या घालण्याआधी ती जीपीएक्स फाइल (मार्ग ज्यात साठवला जातो ती) एकदा नोटपॅडमध्ये उघडून पाहा.

त्यात ‘आरटीई’ (rte) हा टॅग, म्हणजे खुणेचा शब्द, दिसला तर तो रूट. त्याच्याखाली असतात तुम्ही दिलेले दहा-पंधरा बिंदू. मधला रस्ता बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो. तो उपकरण स्वतःच्या नकाशावर, स्वतःच्या सेटिंगप्रमाणे नव्याने काढतं. गार्मिन कंपनीच्या बेसकॅम्प या मार्ग आखायच्या सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये मधली रेघही साठवलेली असते, पण दोन्हीकडचा नकाशा जुळला नाही किंवा फेरगणना झाली, म्हणजे उपकरणाने मार्ग पुन्हा काढला, की तिचा उपयोग संपला. ‘टीआरके’ (trk) म्हणजे ट्रॅक. त्यात जवळजवळचे शेकडो-हजारो बिंदू असतात, त्यामुळे रेघ हलत नाही, पण बऱ्याच उपकरणांवर ‘पुढे डावीकडे वळा’ अशा सूचना मिळत नाहीत.

म्हणून आधी दोन्हीकडच्या सेटिंग जुळवा: नकाशाची आवृत्ती, वाहनाचा प्रकार, वेळ वाचवायचा की अंतर, टोल आणि कच्चे रस्ते टाळायचे की नाही. बेसकॅम्पमध्ये उपकरण जोडलेलं असताना त्याच्यातलाच नकाशा निवडता येतो. तोच निवडा.

खरी मेख बिंदू कुठे ठेवता यात आहे. बिंदू चौकात ठेवू नका, दोन चौकांच्या मध्ये ठेवा आणि ठेवताना नकाशा अगदी जवळ आणा. चौकातला बिंदू चार-पाच मीटर सरकून बाजूच्या गल्लीत पडला, की उपकरण तुम्हाला गल्लीत नेऊन परत बाहेर आणतं. दुभाजक असलेल्या रस्त्यावर तर हमखास फसगत होते. बिंदू पलीकडच्या बाजूला पडला तर पुढच्या यू-टर्नपर्यंत जा, मागे या, पुन्हा वळा, असं सगळं नाटक होतं. दुरून पाहिलं तर रेघ सरळच दिसते. जवळ गेल्यावर तिला बारीकशी शेपटी फुटलेली दिसते. एक बिंदू टाकल्यावर एकूण अंतर अचानक दोन-तीन किलोमीटरने वाढलं, तर समजा शेपटी तिथेच आहे.

किती बिंदू लागतील याला आकडा नाही, चाचणी आहे. मार्ग आखून झाल्यावर पसंती ‘कमी वेळ’वरून ‘कमी अंतर’वर करून पाहा. जिथे रेघ उडी मारते तिथे, तुम्हाला हव्या असलेल्या रस्त्याच्या मधोमध एक बिंदू द्या. दोन्ही पसंतींत रेघ हलेना, की बिंदू पुरेसे झाले. उगाच शंभर बिंदू टाकू नका. उपकरणांना बिंदूंची मर्यादा असते आणि ती ओलांडली तर काही उपकरणं मार्गाचा शेवटचा भाग कापून टाकतात.

गार्मिनमध्ये बिंदूंचे दोन प्रकार आहेत. व्हाया पॉइंटवर पोहोचल्याची घोषणा होते, शेपिंग पॉइंट मुकाट्याने रेघ वाकवतो. इंधन, मुक्काम असे खरे थांबे व्हाया ठेवा, बाकी सगळे शेपिंग करा. नाहीतर रस्ता बंद असल्यामुळे एखादा व्हाया चुकला, की उपकरण ‘मागे वळा’चा धोशा लावतं. तेव्हा ‘स्किप’ दाबायचं. फेरगणना पूर्ण स्वयंचलित ठेवण्यापेक्षा ‘विचारून करा’ वर ठेवलेली बरी, असं माझं मत.

फाइल कुठे टाकायची यातही घोळ होतो. हातात धरायच्या गार्मिनमध्ये ‘गार्मिन’ फोल्डरमधलं ‘जीपीएक्स’, सायकलसाठीच्या ‘एज’ उपकरणात ‘न्यूफाइल्स’. तिथून फाइल नंतर गायब झाली तर घाबरू नका, तिचा ‘कोर्स’ (उपकरणातला तयार मार्ग) झालेला असतो. मोटरसायकलसाठीच्या झूमोसारख्या उपकरणात नुसती फाइल टाकून भागत नाही, ट्रिप प्लॅनरमध्ये जाऊन इम्पोर्ट करावी लागते. नवी उपकरणं एमटीपी या फाइल देवाणघेवाणीच्या पद्धतीने संगणकाला जोडली जातात. मॅकला ती आपोआप दिसत नाहीत, वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

आणि रूटबरोबर त्याच मार्गाचा ट्रॅकही पाठवा, रंग वेगळा देऊन. रूटची रेघ ट्रॅकवरून सुटली तर पडद्यावर लगेच कळतं. निघण्याआधी उपकरणावरचं एकूण अंतर संगणकावरच्या अंतराशी ताडून पाहा. एक-दोन किलोमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर कुठे ते शोधल्याशिवाय गाडी काढू नका.